आवाज नेमका कुठे अडला? ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यानंतरचे तुमचे प्रश्न

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (लॅपटॉपमधली सुरक्षेची एक सोय) लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे अजून धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप दाराबाहेर राहिले. काहींनी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (लिनक्सवर चालणाऱ्या मोफत सिस्टिम) टाकलं, काहींचे लॅपटॉप विंडोज 11 वर गेले. दोन्हीकडून आलेल्या पत्रांत तक्रार एकच: आवाज.

नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलत नाही. खडकवासल्याहून पाणी सुटलंय का, पर्वतीच्या जलकेंद्रातून पुढे आलंय का, सोसायटीच्या टाकीत चढलंय का, की घरातलाच कॉक बंद आहे, हे आधी बघतो. लॅपटॉपच्या आवाजाच्याही अशाच पायऱ्या आहेत. तळाशी साउंडची चिप. तिला चालवणारा कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, ड्रायव्हर. लिनक्समध्ये या थराचं नाव अल्सा. त्याच्यावर साउंड सर्व्हर, म्हणजे हल्लीचं पाइपवायर किंवा जुन्या आवृत्त्यांतलं पल्सऑडिओ. आणि सगळ्यात वर तुमचा ब्राउझर किंवा प्लेअर. आवाज कुठल्या पायरीवर अडलाय हे ठरवल्याशिवाय कुठूनतरी उचललेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवू नका. मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर दोन नवे उभे राहतात.

आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहायच्या.

लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, इंटेल दहाव्या पिढीचा. भाच्याने विंडोज पुसून मिंट 22 टाकून दिलं. बाकी सगळं छान चालतं, पण आवाजाच्या सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ असं दिसतं. कीर्तन ऐकायचं बंद झालंय. (निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

‘डमी आउटपुट’ म्हणजे साउंड सर्व्हर चालू आहे, पण त्याला खाली एकही साउंड कार्ड सापडलेलं नाही. म्हणजे प्लेअर बदलून किंवा आवाज वाढवून काही होणार नाही. अडचण बहुतेक वेळा खालच्या दोन पायऱ्यांवर असते.

आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, रीस्टार्ट नव्हे. चार्जर काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. चिप विचित्र अवस्थेत अडकलेली असेल तर एवढ्यानेही सुटते.

नाही सुटली तर मिंटच्या मेनूतून ‘सिस्टिम रिपोर्ट्स’ उघडा आणि ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘ऑडिओ’ हा भाग वाचा. तिथे तीनपैकी एक चित्र दिसेल. उपकरणाचं नावच नसेल, तर चिप बायोसमधून (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधून) बंद केलेली असू शकते किंवा तिच्यातच बिघाड असू शकतो. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये ऑडिओ चालू-बंद करायची स्वतंत्र नोंद असते, ती बघा. उपकरणाचं नाव आहे पण ड्रायव्हरच्या जागी ‘एन/ए’ आहे, तर कर्नलला ही चिप ओळखता आलेली नाही. नवा कर्नल टाकून बघायचा (कसा, ते पुढच्या उत्तरात आहे). आणि ड्रायव्हरचं नाव ‘सोफ’ (एस-ओ-एफ) या अक्षरांनी सुरू होत असेल, तर गोष्ट बहुधा फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामची आहे. तुमच्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये हीच शक्यता आम्हाला सगळ्यात जास्त वाटते.

कारण असं: ज्या इंटेल लॅपटॉपमध्ये डिजिटल माइक थेट प्रोसेसरच्या बाजूच्या डीएसपीला (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागाला) जोडलेले असतात, तिथे लिनक्स ‘साउंड ओपन फर्मवेअर’ वापरतं. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण डीएसपीत भरायची फाइल वेगळ्या पॅकेजमधून येते. ती नसेल तर कर्नलच्या नोंदीत ‘फर्मवेअर’ या शब्दासोबत ‘वजा 2’ असा त्रुटी क्रमांक दिसतो. त्याचा अर्थ फाइल सापडली नाही, एवढाच. मिंट आणि उबुंटूवर लॅपटॉप इंटरनेटला जोडून अपडेट मॅनेजरमधली सगळी अपडेट्स घ्या आणि पुन्हा सुरू करा. इन्स्टॉल करताना नेट नसेल तर हे राहून गेलेलं असतं. डेबियनवर ‘फर्मवेअर-सोफ-साइन्ड’ आणि फेडोरावर ‘अल्सा-सोफ-फर्मवेअर’ हे पॅकेज लागतं.

इतकं करूनही कार्ड दिसत नसेल तर जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरला पाचारण करता येतं. ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ या फोल्डरात ‘अल्सा-बेस डॉट कॉन्फ’ नावाची फाइल असते. ती प्रशासकाच्या अधिकाराने उघडा आणि शेवटी एक ओळ जोडा: ऑप्शन्स, मोकळी जागा, एस-एन-डी, वजाचिन्ह, इंटेल, वजाचिन्ह, डी-एस-पी-सी-एफ-जी, मोकळी जागा, डीएसपी, अंडरस्कोअर, ड्रायव्हर, बरोबरचं चिन्ह, 1. रीस्टार्ट करा. स्पीकर बोलू लागतील, पण अंगचा डिजिटल माइक बंद पडेल, कारण तो डीएसपीमार्गेच येतो. केवळ ऐकण्यासाठी लॅपटॉप असेल तर हा सौदा परवडतो. व्हिडिओ कॉल करत असाल तर ही ओळ काढून फर्मवेअरच्याच मागे लागा.

एक चौथी शक्यताही आहे: रिपोर्टमध्ये कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही नीट, तरी ‘डमी आउटपुट’. अशा वेळी भाच्याला नवीन युजर अकाउंट तयार करून त्यात शिरायला सांगा. तिथे आवाज आला तर चिप, ड्रायव्हर, फर्मवेअर सगळं निर्दोष आहे आणि बिघाड फक्त तुमच्या अकाउंटच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये आहे. होम फोल्डरमध्ये लपलेल्या ‘डॉट लोकल’ फोल्डरात, त्यातल्या ‘स्टेट’मध्ये ‘वायरप्लंबर’ (पाइपवायरच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) या नावाचा फोल्डर असतो. त्याचं नाव बदला, लॉगआउट करून परत या. तो नव्याने तयार होतो.

पल्सऑडिओ काढून पुन्हा टाकायचा सल्ला अजून खूप ठिकाणी सापडतो. तो जुन्या काळचा आहे. मिंट 22 पासून तिथे पाइपवायर आलंय, आणि आवाजाची पॅकेजं घाईने काढताना कधी कधी डेस्कटॉपची पॅकेजंही सोबत निघून जातात. काढण्याची यादी स्क्रीनवर येते. ती वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका.

इयरफोन लावला की आवाज स्वच्छ येतो, काढला की स्पीकर मुका. विंडोजवर दोन्ही चालत होतं. लॅपटॉप गेमिंगचा आहे, दोन वर्षांचा. (विद्यार्थी, कोथरूड)

इयरफोन चालतोय म्हणजे चिप, ड्रायव्हर आणि साउंड सर्व्हर तिन्ही ठीक आहेत. पाणी टाकीपर्यंत आलेलं आहे, शेवटचा कॉक तेवढा बंद.

टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ चालवा. एफ 6 दाबून खरं साउंड कार्ड निवडा. ‘स्पीकर’ किंवा ‘बास स्पीकर’ या पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ती म्यूट आहे. तिच्यावर जाऊन एम दाबा, ‘00’ दिसायला हवं. वरच्या बाणाने पातळी वाढवा, एस्केपने बाहेर या. त्याच पडद्यावर ‘ऑटो-म्यूट मोड’ असेल तर तो बंद करून बघा. इयरफोनची पिन आत आहे असा चुकीचा समज झाला की हा मोड स्पीकर गप्प करतो. पिन बाहेर असतानाही सेटिंगमध्ये ‘हेडफोन्स’ दिसत असेल तर दोष सॉकेटमधल्या संपर्कपट्टीचा आहे. पुण्याच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ती काळवंडते. लॅपटॉप बंद करून पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, किंवा दातांच्या फटीत फिरवायच्या बारीक ब्रशला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सॉकेट पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

पण दोन वर्षांचा गेमिंग लॅपटॉप आणि विंडोजवर चालणारे स्पीकर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमची नजर ‘स्मार्ट अँप्लिफायर’कडे जाते. अशा लॅपटॉपमध्ये इयरफोनचा आवाज रिअलटेक कंपनीच्या साउंड चिपमधून थेट निघतो, पण स्पीकरसाठी मध्ये वेगळ्या छोट्या अँप्लिफायर चिप बसवलेल्या असतात. सिरस लॉजिकची सीएस35एल41 किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएएस2781 या त्यातल्या नेहमी आढळणाऱ्या. या चिप आपणहून जाग्या होत नाहीत. ड्रायव्हरने त्यांना उठवावं लागतं, फर्मवेअर द्यावं लागतं आणि त्या मॉडेलच्या स्पीकरला किती ताकद सोसते हे सांगावं लागतं. लॅपटॉपमध्ये सीएस35एल41 चालवण्याची सोय लिनक्स कर्नल 5.17 मध्ये आली, टीएएस2781 ची 6.6 मध्ये, आणि त्यानंतरही एकेका मॉडेलची नोंद हळूहळू पडत गेली. म्हणून इथे इलाज एकच, शक्य तितका नवा कर्नल.

मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये ‘लिनक्स कर्नल्स’. मिंट 22 मूळ 6.8 वर आलं; तिथे 6.14 किंवा त्याहून पुढची मालिका दिसत असेल तर ती टाका. जुना कर्नल काढू नका. नव्यात वाय-फाय किंवा ग्राफिक्स बिघडलं तर सुरू होताना ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना निवडून परत येता येतं.

दुसऱ्या मॉडेलसाठी कुणीतरी लिहिलेला ‘फिक्स’ तुमच्या अँप्लिफायरला लावू नका. स्पीकरच्या ताकदीची मर्यादा चुकीची बसली तर त्याचं कॉइल तापून कायमचं खराब होऊ शकतं. कर्नल येईपर्यंत इयरफोनवर भागवलेलं बरं.

मोठा मॉनिटर जोडला की लॅपटॉपचा आवाज बंद होतो. (हडपसर)

एचडीएमआयची केबल चित्रासोबत आवाजही नेते, आणि सिस्टिमने मॉनिटरलाच स्पीकर मानलंय. कित्येक मॉनिटरना स्पीकर नसतातच, फक्त मागे इयरफोनचं छिद्र असतं. आउटपुटमध्ये लॅपटॉपचे स्पीकर निवडा. दर वेळी पुन्हा उलटत असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ घ्या (नाव जुनं असलं तरी पाइपवायरवर नीट चालतं) आणि ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये एचडीएमआयचं कार्ड ‘ऑफ’ करा.

मी ऑनलाइन गाण्याचे वर्ग घेते. उबुंटूवर आल्यापासून शिष्यांना माझा तानपुरा ऐकूच जात नाही. मी गायला लागले की क्षणभर येतो आणि मग विरतो. लांब आलापही मधेच तुटतो म्हणतात. लॅपटॉपचा माइक खराब झाला का? (सिंहगड रस्ता)

माइक बहुधा उत्तम आहे. तुमचा तानपुरा ‘गोंगाट’ म्हणून गाळला जातोय. मीटिंगच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये आवाज शुद्ध करणारी गाळणी असते, आणि तिचा नियम असा की बोलणं चढउताराचं असतं. जे एकसारखं, न थांबता चालू राहतं ते पंख्याचं किंवा एसीचं. तानपुऱ्याची जोड एकसारखीच वाजते. दीर्घ षड्जही तसाच. त्यामुळे दोन्ही कापले जातात. विंडोजवर तुम्ही ही गाळणी कधीतरी बंद केलेली असणार. नव्या सिस्टिमवर प्रोग्राम नव्याने आला आणि ती पुन्हा चालू झाली.

झूममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ऑडिओ’ इथे जाऊन ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा. त्याखालचं ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ चालू करा. त्यात 48 किलोहर्ट्झवर एकेरी आवाजाला 96 किलोबिट आणि स्टिरिओला 192 किलोबिट प्रतिसेकंद मिळतात. ‘एको कॅन्सलेशन’ही बंद करा, पण मग तुम्ही इयरफोन लावलाच पाहिजे, नाहीतर शिष्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरून त्यालाच परत ऐकू येईल. एवढ्यावर काम होत नाही: मीटिंग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यात ‘ओरिजिनल साउंड’चं बटण येतं, ते चालू आहे का हे प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला बघा. गूगल मीटमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘नॉइज कॅन्सलेशन’ असेल तर ते बंद करा. लॅपटॉपवर ‘ईझी इफेक्ट्स’ (आवाजावर प्रक्रिया करणारा प्रोग्राम) टाकलेलं असेल तर त्यातली ‘नॉइज रिडक्शन’ही काढा, ती बोलण्यासाठी घडवलेली आहे, गाण्यासाठी नाही.

आता पातळी. ‘अल्सामिक्सर’मध्ये एफ 4 दाबल्यावर माइकच्या पट्ट्या येतात. ‘इंटर्नल माइक बूस्ट’ अशी पट्टी असेल तर ती रिअलटेकच्या बहुतेक चिपवर 10 डेसिबलच्या पायऱ्यांनी 30 पर्यंत चढते. ती 0 किंवा 10 वरच ठेवा आणि ‘कॅप्चर’ने वाढवा. बूस्ट 20-30 वर असला की मंद्रात सगळं ठीक वाटतं, पण तार षड्ज खुला लावल्याबरोबर आवाज फाटतो. पातळी जुळवताना म्हणूनच बोलून बघू नका; तुमचा सगळ्यात मोठा, खुला स्वर लावा आणि मीटर शेवटच्या टोकाला टेकणार नाही इतपत ठेवा.

एक गोष्ट कानाने पारखता येण्यासारखी आहे. काही वेळा नव्या सिस्टिमवर एखाद्या जुन्या ॲपचा तानपुरा चढा ऐकू येतो. 44.1 किलोहर्ट्झचं ध्वनिमुद्रण 48 च्या वेगाने वाजलं तर स्वर साधारण दीड अर्धस्वराने चढतो: काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन बसतो. पाइपवायर हा वेग आपोआप जुळवतं, त्यामुळे असं झालं तर दोष त्या ॲपचा समजा आणि ॲप बदला.

आणि गाळणी बंद केली तरी तुमचा तानपुरा शिष्याला उशिराच पोहोचणार. नेटवरचा उशीर कुठलंही सेटिंग घालवत नाही. शिष्याने त्याच पट्टीचा तानपुरा स्वतःकडे लावावा आणि तुमचा इयरफोनमध्ये राहावा, हीच व्यवस्था वर्गासाठी सगळ्यात स्वच्छ.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की जुन्या टेलिफोनसारखा आवाज. शिवाय विंडोजमध्ये जाऊन परत आलं की हेडफोन जोडायलाच तयार नसतो. (हिंजवडीत नोकरी, राहणार बाणेर)

दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्लूटूथवर गाणी ‘ए2डीपी’ या प्रोफाइलने येतात: स्टिरिओ, पण एकाच दिशेने. हेडफोनचा माइक मागितला की जोडणी ‘हँड्स-फ्री’ प्रोफाइलवर जाते आणि आवाज बहुधा 8 किंवा 16 किलोहर्ट्झच्या नमुन्यावर उतरतो. सोपा आणि खात्रीचा उपाय: मीटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडा, हेडफोन फक्त ऐकायला. प्रोफाइल बदलत नाही, आवाजही उतरत नाही.

दुसरं, जोडणीच्या वेळी लॅपटॉप आणि हेडफोन एक गुप्त किल्ली ठरवतात. विंडोज आणि लिनक्स दोघं एकाच ब्लूटूथ चिपच्या पत्त्यावरून बोलतात पण प्रत्येकाची किल्ली वेगळी. हेडफोन त्या पत्त्यासाठी शेवटची किल्लीच लक्षात ठेवतो. विंडोजमधली किल्ली रजिस्ट्रीतून काढून लिनक्सच्या फाइलमध्ये भरता येते, पण ते किचकट काम आहे. त्यापेक्षा एका सिस्टिमसाठी छोटा यूएसबी ब्लूटूथ डोंगल घ्या. त्याचा पत्ता निराळा, त्यामुळे हेडफोन त्याला दुसरंच यंत्र समजतो.

दोन सिस्टिम शेजारी नांदवायच्या असतील तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद कराच. त्यात ‘शट डाउन’ दाबल्यावर विंडोज अर्धवट झोपतं आणि ब्लूटूथची किंवा साउंडची चिप लिनक्सला अवघडलेल्या अवस्थेत मिळते. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ निवडा.

विंडोज 10 वरून 11 वर गेलो. अकराव्या पिढीचा इंटेल. आवाज तुटक येतो, आणि दोनदा निळा पडदा येऊन लॅपटॉप बंद पडला. (पिंपरी)

‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘सिस्टिम डिव्हायसेस’ उघडा आणि ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’च्या ऑडिओ कंट्रोलरची आवृत्ती बघा. ती 10.29.0.5152 किंवा 10.30.0.5152 असेल तर कारण सापडलं. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवर या दोन आवृत्त्या विंडोज 11 सोबत निळा पडदा आणतात, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः नोंदवलेलं आहे. शेवट 5714 किंवा त्याहून पुढचा असलेली आवृत्ती हवी. ती तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, सिरियल नंबर टाकूनच घ्या.

ड्रायव्हर टाकताना क्रम पाळा: आधी चिपसेट, मग स्मार्ट साउंड, शेवटी रिअलटेक. उलट केलं तर रिअलटेकला ज्याच्यावर उभं राहायचं तेच नसतं आणि ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’समोर पिवळी खूण राहते. आवाज येतोय पण घोगरा आहे, असं झालं तर सेटिंग्जमध्ये स्पीकरच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करून फरक पाहा.

प्रत्येक आवाजाच्या आधी ‘टक्’ होतं आणि पहिला शब्द गिळला जातो. (वारजे)

वीज वाचवण्यासाठी साउंडची चिप काही सेकंद शांतता झाली की झोपते. ‘टक्’ हा तिच्या उठण्याचा आवाज. कर्नलमधल्या ड्रायव्हरची मुदत बऱ्याचदा 1 सेकंद असते, वरच्या वायरप्लंबरची 5 सेकंद. पहिल्या उत्तरातल्या त्याच ‘अल्सा-बेस’ फाइलमध्ये ही ओळ जोडा: ऑप्शन्स, मोकळी जागा, एस-एन-डी, वजाचिन्ह, एच-डी-ए, वजाचिन्ह, इंटेल, मोकळी जागा, पॉवर, अंडरस्कोअर, सेव्ह, बरोबरचं चिन्ह, 0. बॅटरी वाचवणारं ‘टीएलपी’ टाकलेलं असेल तर तेही ही किंमत परत बदलतं. त्याच्या सेटिंगमध्येही साउंडची बचत 0 करा. बॅटरीवर फरक किरकोळ पडतो.

सतत खरखर होत असेल तर तो वेगळा आजार आहे: प्रोसेसरला वेळेवर आवाज पुरवता येत नाहीये. तेव्हा पाइपवायरचा ‘क्वांटम’, म्हणजे एका वेळी हाताळायच्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या, 1024 वर नेतात. 48 किलोहर्ट्झला तो सुमारे 21 मिलिसेकंदांचा साठा होतो. ऐकण्यासाठी एवढा उशीर जाणवत नाही.

मिंटवर आवाज येतो पण डब्यातून आल्यासारखा. विंडोजवर भरदार होता. (बिबवेवाडी)

विंडोजवर कंपनीने डॉल्बी किंवा तत्सम प्रक्रिया बसवलेली असते. ती त्या मॉडेलच्या इवल्याशा स्पीकरसाठी जुळवलेली असते, आणि लिनक्ससोबत येत नाही. तुम्ही आता ऐकताय तो स्पीकरचा उघडा आवाज आहे. ‘ईझी इफेक्ट्स’ घ्या. आधी इक्वलायझर: 100 हर्ट्झच्या खालचं कापा, कारण एवढे लहान स्पीकर ते वाजवूच शकत नाहीत आणि उगाच थरथरतात, 200 ते 400 हर्ट्झच्या पट्ट्यात 2-3 डेसिबल वाढवा, 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये तितकेच कमी करा. साखळीच्या शेवटी लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) ठेवायला विसरू नका. मिंटमध्ये कमाल आवाज 150 टक्क्यांपर्यंत नेता येतो, पण लिमिटरशिवाय 100 च्या वर गेलात की आवाज फाटतो.

मात्र लॅपटॉपला चार स्पीकर असतील आणि बास जवळजवळ शून्य असेल, तर मोठे दोन वाजतच नाहीयेत. ती कर्नलची गोष्ट. कोथरूडच्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

रायझनचा नवा लॅपटॉप, उबुंटू. स्पीकर चालतात, माइक यादीतच नाही. (विमाननगर)

कीबोर्डवरची माइक बंद करायची कळ आणि तिचा दिवा आधी बघा. ते ठीक असेल तर: बऱ्याच रायझन लॅपटॉपमध्ये डिजिटल माइक एएमडीच्या (रायझन बनवणाऱ्या कंपनीच्या) वेगळ्या ऑडिओ कोप्रोसेसरला जोडलेला असतो, आणि कर्नल तो फक्त यादीतल्या मॉडेलवरच चालू करतं. तुमचं मॉडेल त्या यादीत अजून नसेल तर नवा कर्नल टाका. तरीही नसेल तर मॉडेलचं नाव आणि बायोसची माहिती देऊन उबुंटूकडे बग नोंदवा. एका ओळीची भर पडायची असते, आणि ती पुढच्या कर्नलमध्ये सगळ्यांना मिळते. तोवर यूएसबी माइक किंवा वायरचा हेडसेट.

दुरुस्तीवाले म्हणतात साउंडची आयसी गेली, मदरबोर्ड बदला. लिनक्स टाकल्यानंतरच आवाज गेलाय. खरं काय समजायचं? (धनकवडी)

बोर्ड बदलण्याआधी एक चाचणी नक्की करा. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट किंवा उबुंटूची ताजी आवृत्ती लिहून घ्या आणि काही न पुसता, नुसतं ‘ट्राय’ करून लॅपटॉप त्यावरून सुरू करा. शक्य असेल तर डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) तुमच्यापेक्षा वेगळा घ्या. टर्मिनलमध्ये ‘स्पीकर-टेस्ट’ ही आज्ञा ‘वजाचिन्ह सी 2’ लावून चालवा. डाव्या-उजव्या स्पीकरमधून आळीपाळीने खरखर यायला हवी. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. आवाज आला तर आयसी शाबूत आहे. आला नाही, पण ‘एप्ले’ (ए-पी-एल-ए-वाय) ही आज्ञा ‘वजाचिन्ह एल’ लावून दिल्यावर कार्डाचं नाव दिसतंय, तर इयरफोन लावून बघा. इयरफोन चालला तर संशय स्पीकर, त्याची वायर किंवा अँप्लिफायरवर. कार्डाचं नावच नाही, बायोसमध्ये ऑडिओ चालू आहे आणि दोन वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर हेच, तेव्हा दुरुस्तीवाल्यांचं म्हणणं खरं असण्याची शक्यता मोठी.

तेव्हाही बोर्ड बदलायलाच हवा असं नाही. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, काही शे रुपयांत यूएसबी साउंड ॲडॉप्टर मिळतो: एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला इयरफोन आणि माइकची छिद्रं. हे ‘यूएसबी ऑडिओ क्लास’ पाळणारे असतात, त्यामुळे लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. घेताना दोन गोष्टी विचारा. छिद्रं दोन वेगळी आहेत की एकच? तुमचा इयरफोन तीन काळ्या रेघांच्या पिनचा, म्हणजे माइकसह असेल, तर एकाच एकत्रित छिद्राचा ॲडॉप्टर हवा. आणि खोक्यावर ‘ड्रायव्हर सीडीसहित’ असं ठळक लिहिलेला घेऊ नका. सीडीशिवाय चालणाराच हवा. शक्य असेल तर लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा.